साक्षीदाराशी बोलायचं नाही

तिनं डोळे उघडले तेव्हा समोर दुसरे दोन डोळे होते. बाकी सगळा चेहरा हिरव्या मास्कखाली. हातांत रबरी मोजे, अंगात पांढरा कोट, आणि मागे ढगाळलेलं, पांढरट आभाळ. ऑपरेशन थिएटरला छप्पर कसं नाही, असा एक अगदी साधा प्रश्न तिला पडला.

"हलू नका," तो माणूस म्हणाला. "मान अजिबात हलवायची नाही. मी डॉक्टर आहे."

"कसले?"

तो जरा घुटमळला. "दातांचा..."

तिनं तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली. "दात शाबूत आहेत माझे," ती म्हणाली. "खांद्याचं काहीतरी बघा." आणि मग खांद्यातून अशी कळ निघाली की पुढचे शब्द घशातच राहिले.

तिला घरीदारी सगळे मासोळी म्हणत. नीट चालता येण्याआधीच ती पाण्यात हातपाय मारायला लागली होती, आणि मोठी झाल्यावर शहराच्या सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची नोकरी तिला मिळाली, तेव्हा ते नाव कायमचंच चिकटलं. सकाळी लहान मुलं आणि दुपारी बायका. त्यातही 'आता या वयात काय पोहायचं' म्हणत काठावर बसून राहणाऱ्या बायकांना पाण्यात उतरवणं हा तिचा हातखंडा. त्या सकाळी ती स्कूटरवरून तलावाकडेच निघाली होती. चौकात सिग्नल हिरवा झाला, ती पुढे सरकली, आणि उजवीकडून एक राखाडी रंगाची मोठी गाडी लाल दिव्याला न जुमानता सरळ आत घुसली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. सगळा भार खांद्यावर आला.

चौकाच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर या डॉक्टरांचा दवाखाना होता. हिरडीत इंजेक्शन दिलं की भूल चढेपर्यंत पेशंटला तसंच बसवून ठेवावं लागतं. तेवढा वेळ डॉक्टर खिडकीशी उभे राहून रस्ता बघत. त्या दिवशीही तसेच उभे होते, आणि त्यांनी सगळं पाहिलं. पेशंट खुर्चीत आ वासून राहिला आणि डॉक्टर जिना उतरून धावत सुटले. थोड्या वेळानं पेशंटही खाली आला. ते एक निवृत्त हेडमास्तर होते. गळ्यात कागदी लाळेरं, अर्धा जबडा बधिर, अशा अवस्थेत त्यांनी त्या गाडीवाल्याला जे काही सुनावलं त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही. भावना मात्र पोचली.

भुरभुर पाऊस पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी अंगातला कोट काढून तिच्यावर पांघरला. अॅम्ब्युलन्स आली आणि ती त्या कोटासकटच गेली.

खांद्याच्या हाडाचे तुकडे झाले होते. स्टीलची पट्टी बसली, स्क्रू बसले. हात खांद्याच्या रेषेपर्यंत येईल, त्याच्या वर जाईल का ते पुढे बघू, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर लोकांचं 'बघू' हे फार वाईट असतं. वर हातच जात नसेल तर पोहायचं कसलं, आणि शिकवायचं कसलं? तलावाचे व्यवस्थापक भला माणूस, त्यांनी तिला काढून टाकलं नाही. तिकिटाच्या खिडकीत बसवलं. ती डाव्या हातानं तिकिटं फाडून द्यायची, आणि भिंतीपलीकडून पाण्यात पडणाऱ्या मुलांच्या उड्या दिवसभर ऐकायची.

गाडीवाला गृहस्थ इस्पितळात येऊन गेला होता. टापटीप, पन्नाशीचा, हातात फुलांचा गुच्छ. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक माझी, घाईत होतो, सिग्नल दिसलाच नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी मासोळीच्या बाबांनाच त्याची दया आली. त्यांनी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. पुढे नुकसानभरपाईसाठी विमा कंपनीला लिहिलं तेव्हा उत्तर आलं, की सिग्नल गाडीला हिरवा होता आणि स्कूटरवाल्या मुलीनं लाल दिवा तोडला. खाली त्याच गृहस्थाची सही.

बाबांची गाडी शिकवायची शाळा होती. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं, आणि मुलीला तर स्वतःच्या हातानं घडवलं होतं. ते पत्र वाचून त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं.

"हाड मोडलं, ते भरून येईल," ते शेवटी म्हणाले. "पण माझ्या मुलीनं सिग्नल तोडला असं कुठेही लिहिलेलं राहता कामा नये."

या सगळ्याच्या मधल्या काळात कोट परत करायचा राहिला होता. एका संध्याकाळी तिनं तो धुतला, डाव्या हातानं जमेल तशी इस्त्री केली आणि बसनं निघाली. दवाखाना चौकाच्या पलीकडे. अलीकडच्या फुटपाथवर ती उभी राहिली. दिवा बदलला, माणसं गेली. पुन्हा बदलला, पुन्हा माणसं गेली. तिचे पाय मात्र जागचे हलेनात. आपण वेड्यासारख्या उभ्या आहोत, हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

डॉक्टर खिडकीतच होते. ते पुन्हा जिना उतरून आले.

"पलीकडे यायचंय?"

"यायचंय," ती म्हणाली. "पण पाय ऐकत नाहीत."

त्यांनी हसून घालवलं नाही, की 'त्यात काय घाबरायचं' असंही म्हटलं नाही. ज्या बाजूनं गाड्या येत होत्या त्या बाजूला ते येऊन उभे राहिले. तिचा हात धरायला पुढे झाले आणि मध्येच थांबले... मग तिच्या हातातल्या घडी केलेल्या कोटाची एक बाही त्यांनी धरली. कोट उलगडला. दुसरी बाही तिच्या मुठीत राहिली. अशी ती दोघं एका कोटाच्या दोन बाह्या धरून पलीकडे गेली. पोचल्यावर बाही आधी कुणी सोडायची, यात थोडा वेळ गेला. इस्त्रीची वाट लागली ती लागलीच.

मग ते रोजचंच झालं. तलावावरून सुटल्यावर तिची घराकडची बस त्या चौकापलीकडूनच मिळायची. ती फुटपाथवर आली की डॉक्टर खाली यायचे. रस्ता तो केवढा, पण तो ओलांडायला रोज थोडा जास्त वेळ लागायला लागला.

"रोज पेशंटला भूल देऊन येता?" तिनं एकदा विचारलं.

"हो."

"आणि ती उतरली तर?"

"तर त्यांची हाक इथपर्यंत ऐकू येते."

ती हसली. डॉक्टर बघत राहिले. "तुम्ही हसताना डावीकडे जास्त हसता," ते म्हणाले.

"ही तपासणी चाललीय का?"

"छे. तपासणीला मी पैसे घेतो."

बस आली, दाराशी गर्दी झाली, आणि तिला चढायचं होतं हेच ती विसरली. दुसरी बस यायला बराच वेळ होता, आणि वर खुर्चीत कुणीतरी आ करून बसलं होतं. दोघांनाही ते माहीत होतं. दोघांपैकी कुणी तसं म्हणालं नाही.

दाव्यासाठी बाबांनी ज्यांना गाठलं, त्या वकीलबाई त्यांच्याच शाळेत गाडी शिकल्या होत्या. कोर्टात भल्याभल्यांना पळवणाऱ्या या बाईंना गाडी मागे घेणं काही जमलं नव्हतं. पण बाबांवर त्यांची श्रद्धा होती. मोटार अपघातांच्या दाव्यांसाठीच्या कोर्टात अर्ज करू, त्या म्हणाल्या, आणि पोलिसांचे कागद चाळता चाळता एका ठिकाणी थांबल्या. चष्मा नाकावर खाली घेतला. "हे दातांचे डॉक्टर. वरून सगळं स्वच्छ पाहिलेला एकटाच माणूस. हाच आपला हुकमाचा पत्ता. यांची तुमची ओळख नाही ना?"

मासोळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली.

"त्यांचा कोट राहिला होता," बाबा भाबडेपणानं म्हणाले, "तो द्यायला गेली होती."

वकीलबाईंनी तिच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. "किती वेळा दिलात हो कोट?"

ती कॅलेंडरावरच्या तारखा मोजायला लागली, आणि तेच उत्तर झालं. वकीलबाईंनी कागद मिटले. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून सांगितला. साक्ष होईपर्यंत साक्षीदाराशी बोलायचं नाही. भेटायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. "दावा खरा आहे हे मला कळतं. पण उद्या तिकडचे वकील त्यांना विचारतील, की बाबा रे, हिच्यात तुझा जीव गुंतलाय का? आणि तो गुंतला असेल, तर मग तुझा सिग्नल हिरवा होता की गुलाबी होता, कोण विचारतो!"

त्या संध्याकाळी रस्ता ओलांडता ओलांडता तिनं डॉक्टरांना हे सांगितलं. ते ऐकताना त्यांची पावलं मंदावली.

"किती दिवस?"

"कोर्टाची तारीख लागेपर्यंत."

"कोर्टाची तारीख..." त्यांनी मान हलवली. "म्हणजे तोवर मला स्वतःलाच कवळी लागलेली असेल."

तिला हसू आलं, पण पुढचं पाऊल तिनं मुद्दाम हळू टाकलं. आपल्याला याचं इतकं का वाटावं, हे तिनं स्वतःला विचारायचं टाळलं. अजून तर कुणी कुणाला काहीच बोललं नव्हतं. जे बोललंच नाही ते थांबवायचं, म्हणजे नेमकं काय थांबवायचं?

दुसऱ्या दिवशी ती फुटपाथवर एकटी उभी राहिली. वर पाहिलं. डॉक्टर खिडकीत होते. त्यांनी हात हलवला नाही, खूण केली नाही. नुसती मान आधी उजवीकडे वळवली, मग डावीकडे, शाळेतल्या पोरासारखी, आणि समोर पाहिलं. तिनंही उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. दिवा बदलला. पाऊल पडलं. पलीकडे पोचून तिनं मागे वळून पाहिलं तेव्हा काचेवर त्यांचं कपाळ टेकलेलं होतं.

बोलायचं नव्हतं. बघायला मनाई नव्हती.

तारखा मात्र पडत राहिल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी कंपनीचे वकील आजारी, कधी फाइलच भलत्या खोलीत. झाडांची पानं गळली, नवी आली. या काळात मासोळी न थांबता रस्ता ओलांडायला शिकली. एकदा वर खिडकीत पडदा ओढलेला दिसला, आणि तो उघडा दिसेपर्यंत चार दिवस तिला तिकिटाचा हिशेब जुळवता आला नाही. डॉक्टर नुसते तापानं झोपले होते, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

अशातच कंपनीनं तडजोडीचा प्रस्ताव पाठवला. दोन्हीकडची चूक होती, असं लिहून द्या. आम्ही ठरावीक रक्कम देतो, दावा मिटवू. खांद्याचं दुसरं ऑपरेशन त्यात सहज झालं असतं. बाबांनी तो कागद दोन दिवस उशाशी ठेवला, मग म्हणाले, "स्टिअरिंग तुझ्या हातात आहे. तू वळवशील तिकडे जाऊ." त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती, पण ते बोलताना तिच्याकडे बघत नव्हते.

ती दमली होती, हे खरं. पण खरं त्याहून वेगळंही होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सही केली, की साक्ष नको. साक्ष नको, की तो नियमही नको. उद्याच्या उद्या तो जिना चढून जाता येईल.

ती आजच गेली. दवाखाना बंद व्हायची वेळ होती, औषधी लवंगेचा वास सगळीकडे भरून राहिला होता. डॉक्टर बेसिनशी हात धूत होते. आरशात ती दिसली आणि ते तसेच उभे राहिले, नळ वाहत.

"तुम्ही यायचं नव्हतं," ते म्हणाले.

"उद्यापासून यायचं, म्हणूनच आले." आणि तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, आता यांचा चेहरा खुलेल. तो खुलला नाही. त्यांनी नळ बंद केला आणि पेशंटच्या खुर्चीत स्वतःच बसले.

"सिग्नल हिरवा होता," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. त्या गाडीवाल्यालाही माहीत आहे. तुम्ही दोघांनी तो अर्धाच हिरवा होता म्हणून सह्या केल्यात, तर खरं सांगायला मी एकटा उरतो."

"तुम्हाला कोर्टात उभं राहायची हौस आहे का?" ती चिडून म्हणाली.

"मला कोर्टाची भीती वाटते," ते म्हणाले. मग आपले ओले हात कोटाला पुसले. "तुम्हाला हा जिना चढून यावंसं वाटतं, हे ऐकून मला काय झालंय ते मी आत्ता सांगणार नाही. सांगितलं तर तिथे विचारल्यावर तेही सांगावं लागेल. पण तुम्ही याल ना, तेव्हा खोटी सही करून येऊ नका. पुढे कधीतरी आपलं भांडण होईल, आणि तुमच्या मनात येईल, की या माणसापायी मी नसलेली चूक अंगावर घेतली."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. "आपलं भांडण होणार आहे?"

"होणारच. मी फार घोरतो..."

हे आपण काय बोलून बसलो, ते त्यांच्या लक्षात आलं, आणि डॉक्टरांचे कान लाल झालेले तिनं पहिल्यांदा पाहिले. ती जिना उतरली तेव्हा पायाखाली पायऱ्या आहेत की पाणी, तिला समजत नव्हतं. प्रस्तावावर तिनं सही केली नाही. बाबांना तसं सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

वकीलबाईंनाही तिनं भेटीचं खरं सांगून टाकलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "आता विचारलं तर लपवायचं नाही. तुम्हीही नाही, त्यांनीही नाही. पुढे नशीब."

साक्षीचा दिवस उजाडला. कोर्टाची खोली लहान, भिंतीला ओल आलेली, दोरीनं बांधलेल्या फायलींच्या थप्प्या छताला भिडायच्या बेतात. मासोळी बाबांशेजारी मागच्या बाकावर बसली. डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मास्क नाही, कोट नाही, साधा निळा शर्ट. असं चार लोकांसमोर त्यांना बघताना तिला ते वयानं लहान वाटले, आणि घाबरलेलेही. त्यांनी शपथ घेतली आणि पाहिलं तसं सांगितलं. स्कूटर रांगेत उभी होती, दिवा हिरवा झाल्यावर निघाली, गाडी लाल दिव्यावर न थांबता आली.

कंपनीचे वकील उठले. मृदू बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. दात सोडून तुम्ही रस्ता का बघत होतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी भुलीचं समजावून सांगितलं. मग वकिलांनी सहज विचारावं तसं विचारलं, "अपघातानंतर तुम्ही अर्जदार बाईंना भेटलात?"

"भेटलो. त्यांना तो रस्ता ओलांडायची भीती वाटायची. संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांना पलीकडे सोडायचो."

"म्हणजे माणुसकी म्हणून."

दार उघडंच होतं. नुसतं 'हो' म्हटलं की सगळं निभावून जाणार होतं. त्यांनी हो म्हणावं म्हणून मासोळी मनातल्या मनात विनवत होती, आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्यांनी हो म्हणू नये असंही तिला वाटत होतं.

"पहिल्या दिवशी माणुसकी म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"आणि नंतर?"

"नंतर मला त्या आवडायला लागल्या."

टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली. कंपनीच्या वकिलांच्या आवाजात आता धार आली. "म्हणजे तुमचं यांच्यावर प्रेम आहे?"

डॉक्टरांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. याचं उत्तर द्यावंच लागेल का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही शपथ घेतलीय, न्यायाधीश म्हणाले.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनाही आत्ताच कळतंय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना अचानक खोकला आला. मासोळीनं चेहरा ओंजळीत घेतला होता.

"ज्या बाईंवर तुमचं प्रेम आहे," वकील सावकाश म्हणाले, "त्यांच्यासाठी तुम्ही खोटंही बोलाल."

"खोटं बोलायचं असतं तर आत्ताच बोललो असतो, साहेब. तुम्ही माणुसकी म्हणालात, मी हो म्हणून मोकळा झालो असतो."

वकील खाली बसले. वकीलबाई उठल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की पोलिसांनी तुमचा जबाब कधी घेतला. त्याच दिवशी दुपारी, डॉक्टर म्हणाले. आणि त्यात 'स्कूटरवरची एक मुलगी' असं आहे, कारण तेव्हा नाव माहीत नव्हतं. न्यायाधीशांनी तो जबाब पुढे ओढून स्वतः वाचला आणि त्यावर पेन्सिलीनं काहीतरी खूण केली.

बाहेर व्हरांड्यात बाबा सगळ्यांत आधी डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले. वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"गाडी चालवता?"

"नाही येत मला."

बाबांच्या चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता पसरली, की जणू हाच एक गुण ते जावयात शोधत होते. "शिकवू," ते म्हणाले, आणि वकीलबाईंची गाडी पार्किंगमधून मागे काढून द्यायचं निमित्त करून बाईंना घेऊन निघूनही गेले.

बाकावर दोघंच उरली. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं.

"आता बोलायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"बोला की मग."

"तुम्ही रागावलात?"

"न्यायाधीशांना सांगितलंत," ती म्हणाली, "त्या टायपिस्टला सांगितलंत. माझ्या बाबांना सांगितलंत. मला एकटीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही..."

मग त्यांनी तिला सांगितलं. तिच्याकडे वळून, हळू आवाजात, तिथे टायपिस्ट नव्हता म्हणून बरंच जास्त. व्हरांड्यातून काळे कोट येत-जात होते, कुणाला कशाचा पत्ता नव्हता. सांगून झाल्यावर मासोळीनं तिचा दुखरा हात, जेवढा येत होता तेवढा, त्यांच्या हातावर आणून ठेवला.

"मला कधीपासून, ते विचारू नकोस," ती म्हणाली. "मला स्वतःलाच माहीत नाही."

तिनं 'नकोस' म्हटलं, हे त्यांच्या आधी तिच्याच लक्षात आलं.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. सिग्नल स्कूटरला हिरवा होता, चूक सर्वस्वी गाडीची, आणि कंपनीनं पूर्ण भरपाई द्यावी, असं न्यायाधीशांनी लिहिलं. साक्षीदारानं स्वतःला अडचणीचं ठरणारं उत्तरही टाळलं नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण दिसत नाही, असंही एक वाक्य होतं. बाबांनी सिग्नलचं वाक्य मोठ्यानं वाचलं, मग आईला वाचायला लावलं, आणि मग चष्मा पुसायला बाहेर गेले. गाडीवाला गृहस्थ त्या दिवशी आलाच नव्हता. तो पुन्हा कधी समोर आला नाही, आणि पुढे यांच्यापैकीही कुणी त्याचं नाव काढलं नाही.

दुसरं ऑपरेशन झालं. व्यायाम सुरू झाले. ती भिंतीवर बोटं चढवायची आणि रडायची. दुसऱ्या दिवशी आणखी वर चढवायची. हात पूर्वीसारखा कधी झाला नाही. कानापर्यंत जातो, तिथून पुढे अजून भांडतो. शर्यत नाही जिंकता येणार, पण पाण्यात उभं राहून दुसऱ्याला शिकवता येतं. तिकिटाच्या खिडकीत आता दुसरं कुणीतरी बसतं.

एका रविवारी बायकांचा वर्ग सुटला आणि तलाव रिकामा झाला. उन्हं तिरपी होऊन पाण्यावर पसरली होती. डॉक्टर आले. पाण्याची त्यांना लहानपणापासून भीती, हे त्यांनी नुकतंच कबूल केलं होतं. बाबांची ढगळ चड्डी नाडीनं आवळून, छातीभर पाण्यात, काठाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते उभे होते. ओठ थोडे निळे पडले होते. ती चार हात पलीकडे उभी होती.

"दांडी सोड," ती म्हणाली.

"सोडतो. त्याआधी एक विचारू?"

"वेळ काढतोयस."

"नाही गं. म्हटलं, बुडायच्या आधी विचारून घ्यावं." दात कडकड वाजत होते, त्यातूनच तो म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

पाणी काठाला लागून हलकेच चुळूक करत होतं. मासोळीचं डावीकडचं हसू आधी आलं, मग उजवीकडचं. ती जागची हलली नाही.

"उत्तर इकडे आहे," ती म्हणाली. "येऊन घे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मधल्या पाण्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. आधी एक हात सुटला. मग दुसऱ्या हाताची बोटं, एकेक करून. डोळे घट्ट मिटून त्यानं अंग पुढे झोकलं, हातपाय वेडेवाकडे झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तिच्या दोन्ही हातांत येऊन पोचल्यावर त्याला असा ठसका लागला, की तिचं 'हो' त्याला खोकता खोकताच ऐकावं लागलं.